शनिवारचं हरीण

चँडलर, डिसेंबर १९९६

आई,

माझ्याकडे एक रायफल आहे, जिवापाड आवडती, हे तुला कधी सांगितलंच नाही. त्या शनिवारी उघड्या माळावर, चारशे यार्डांवरून, एका गोळीत मी हरीण पाडलं. पडण्याआधी त्यानं मान वळवली, ते रायफलच्या दुर्बिणीतून अगदी जवळ दिसलं.

रविवारी फोनवर आपण नेहमीसारखं पंचशील म्हणायला घेतलं. प्राणिहत्या करणार नाही, हे पहिलंच शील. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू विचारलंस, "लाइन खराब आहे का रे, दीपू?" मी हो म्हणालो. मग तू खोकत खोकत, माझ्यासाठी, तेच पुन्हा मोठ्यानं म्हणालीस.

गुरुवारी तू गेलीस. हे पत्र आता टाकू तरी कुठं?

आई, लाइन चांगली होती.

तुझा,
दीपू