गुडघ्याचा ठराव

आदरणीय डॉक्टर,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघा वाकत नाही, तेव्हा हा उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमची तब्येत बरी असेलच (तिची काय हिंमत, तुम्हाला न विचारता बिघडायची). पोलादपूरचा दवाखाना बंद करून तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात, तेव्हापासून आमच्या वाडीत आजारी पडण्यात काही राम उरलेला नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

तर माझा उजवा गुडघा. (डावा शहाणा आहे.) तो इतका बोंबलू लागला की आमच्या घरधनिणीने, साळूने, मला मिनिडोर रिक्षात कोंबून महाडला नेलं. चवदार तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत हाडांच्या नव्या डॉक्टर आल्या आहेत, दीप्ती मॅडम. त्यांनी एक्स-रे बघितला, पाय मागेपुढे केला आणि मला वाटलं, आता निकाल लागणार. पण बाईंनी टेबलावर प्लॅस्टिकचा गुडघा ठेवून चक्क शिकवायला सुरुवात केली. वाटी बदलता येईल, त्याचे फायदे असे, धोके असे. नाही बदलली तर व्यायाम, काठी, वजन कमी. सपाटीवर निभेल, चढणीचं नाव काढायचं नाही. आणि शेवटी म्हणाल्या, गुरुजी, आपल्या माणसांशी बोला, मग सगळे मिळून ठरवू. मी जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या, पण फी भरून प्रश्नपत्रिका घरी आणायची वेळ पहिल्यांदाच आली.

तुमच्या राज्यात असलं काही नव्हतं. माझं अपेंडिक्स काढायचं ठरलंय हे मला महाडला टेबलावर चढवल्यावर कळलं. पोलादपूरहून निघताना तुम्ही नुसतं म्हणाला होतात, चल, जरा फिरून येऊ. चांगूचं सडलेलं बोट तुम्ही काढलंत तेव्हा तो तुम्हाला भाताचा भाव सांगत होता. (हात वाचला, पण ते वाक्य त्याने अजून पुरं केलेलं नाही.) तुमच्यापुढे माणूस जीभ बाहेर काढून बसायचा, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. आम्ही तुम्हाला भ्यायचो आणि घरी येऊन निवांत झोपायचो. खरं सांगतो डॉक्टर, त्या झोपेची मला फार आठवण येते.

आता आमच्याकडे मिळून ठरवायचं म्हणजे गावकी, हे तुम्ही जाणताच. पाण्याचा पाइप असो की शिमग्याची पालखी, देवळात बसल्याशिवाय काही ठरत नाही. मी गुडघा गावकीपुढे ठेवला. चांगू अध्यक्ष. मुंबईचं मंडळ मोबाइलवर हजर, त्यात आमचा मुलगा प्रितम, तो म्हणे दोन्ही गुडघे एकदम उरकून टाका, रजा एकदाच काढावी लागेल. कुणी निर्गुडीचा पाला सुचवला. कुणी आपल्या व्याह्यांचा बदललेला गुडघा इतका वाखाणला की व्याही राहिले बाजूला. शेवटी बहुमताने ठराव झाला की गुरुजींचा गुडघा बदलावा, पण शिमगा उरकल्यावर, कारण त्याआधी दवाखान्यात झोपायला माणूस मिळणार नाही. (हात वर झाले तेव्हा निम्मी गावकी माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत होती.)

ठराव घेऊन आम्ही दोन मिनिडोर भरून महाडला गेलो. मला वाटलं, बाई आता सगळ्यांना हाकलणार. तुम्ही असता तर चांगूपासून सुरुवात केली असती. पण त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा स्वतः उभ्या राहिल्या आणि एकेकाचं ऐकून घेतलं. चांगू म्हणाला, "म्याडम, गावकीचा ठराव हाय, बदलून टाका."

"ठराव ऐकला," बाई म्हणाल्या. "आता गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्हाला या पायानं काय करायचंय?"

मी छाती काढून सांगितलं, वरच्या माळावरच्या शाळेत जायचंय. ती शाळा आता बंद आहे, पोरं सगळी मुंबईला. तुम्ही लस टोचायला यायचात आणि माझी पोरं खिडकीतून करवंदीच्या जाळीत उड्या टाकायची. धीर यावा म्हणून तुम्ही पहिली सुई मला टोचलीत आणि मीच घेरी येऊन पडलो, ती शाळा. मग पायरीवर बसून तुम्ही शाळेला सुट्टी जाहीर करायचात (अधिकार नसताना) आणि आपण भाकरी-सुकट खायचो, खाली सावित्री नदी दिसायची. मला त्या पायरीवर एकदा बसायचंय, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, मग ऑपरेशनला अर्थ आहे. नंतर नेटानं व्यायाम केलात तर चढाल, उतरताना जपायचं, मांडी घालून बसणं मात्र विसरा. मी क्षणभरही न डगमगता हो म्हणालो. शिमगा झाला, आता येत्या मंगळवारी ऑपरेशन. अशा रीतीने डॉक्टर, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेतला आणि मला अतिशय मोकळं वाटतंय.

घरी सर्वांना आशीर्वाद, नातवाला पाढे विचारावेत.

आपला, तूर्त एका पायावर,
महिपती गुरुजी

ता. क. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या क्षणापर्यंत नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क माझ्या छातीवर येऊन बसलाय. तरी कृपा करून मंगळवारी सकाळी फोन करावा. माझं मत विचारू नये. नेहमीसारखं बोलू न देता नुसतं ओरडावं.

दुसरा ता. क. डॉक्टर भावोजी, मी साळू लिवते. ह्यांचा कागद वाचला. म्याडमनी इचारलं तवा हे छाती काढून कायपण बोलले नाय. डोळ्यात पाणी आलं नि शब्द फुटंना, शाळेचं मी सांगितलं. हे नुसती मान हलवत व्हते. तुमी फोन करू नका, या. ठरवायचं सगळं ठरलंय, तुमी कायपण ठरवू नका. माझ्याशेजारी भायेर नुसते बसा. भ्या मलापण वाटतंय.