तलावाच्या काठची शिंदी

माय, बाचा खोकला आता कसा आहे? इथं होता तोवर कोंबड्याच्या आधी तोच सगळ्यांना उठवायचा. तिथं तरी थांबला असेल. आत्याचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, मोहाच्या तेलानं चोळत जा, माझेही आता तिच्याच वाटेनं निघालेत. देवीच्या साथीत गेली ती माझी धाकटी बहीण अजून तेवढीच आहे, की तिथंही पोरी वाढतात? आणि तू? थंडीत तुझी बोटं आखडायची, ती सरळ झाली का? इकडं आम्ही बरे आहोत. तुझ्या सुनेला कमी दिसतं, पण भाकरी अजून करपू देत नाही. तुझा थोरला नातू शेतात आहे. धाकटा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागला, सुट्टीवर आला की दोन दिवस नुसता उन्हात बसून राहतो. मी अक्षरं शिकलो हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर शिकलो, पटवाऱ्याच्या ओसरीत बसून आणि बाजारातल्या पुड्यांचे कागद वाचून. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं.

लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. उद्या तहसीलदार आपला तलाव बघायला येतो आहे. शहरातल्या एका रुईच्या व्यापाऱ्याला तलावाच्या पोटातली जमीन हवी आहे. तिथं सरकी काढायचा कारखाना घालीन म्हणतो. पाणी सोडून द्यायचं, काठची शिंदीची झाडं तोडायची आणि भर घालायची. झाडं म्हातारी झाली, पूर्वीइतका रस देत नाहीत, म्हणून आबकारीवाल्यांनी तोडायला होकार दिला आहे म्हणे. ही झाडं कोणी लावली आणि काऊन लावली, हे सांगणारा गावात आता मीच उरलो.

तेव्हाचा उन्हाळा मला परवा झाल्यासारखा आठवतो. मी नवा संसारी. पाणी ओसरलं की घराघरातून गाड्या निघायच्या, तलावातला काळा गाळ भरून आपापल्या शेतात टाकायच्या. तलावही खोल व्हायचा आणि शेतही पिकायचं. पोटातल्या जमिनीत पेरायचं मात्र कोणीच नाही, हा गावाचा रिवाज. तो सारा वसूल करणाऱ्या माली पाटलाच्या मेहुण्यानं मोडला. पहिल्या साली काकड्या लावल्या, आम्ही गप्प. दुसऱ्या साली ज्वारी पेरली, आम्ही गप्प. मग त्याच्या ज्वारीत पाणी शिरू नये म्हणून त्यानं सांडवा फोडून खाली केला. हद्दीचे दगड तर दर पावसाळ्यात थोडे थोडे पाण्याकडे सरकत होते. तलाव अर्धा भरायला लागला आणि खालच्या रानातल्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवू लागल्या. बोलणार कोण? जो बोलेल त्याच्या घरावर दुसऱ्या दिवशी वेठ यायची, दौऱ्यावरच्या साहेबाचं सामान वाहायला त्यालाच धरायचे. लोक आपसात त्याला गावाचा मेहुणा म्हणून हसायचे आणि तो दिसला की रामराम घालायचे. मीही घालायचो.

आणि तू एका पावसाळ्यात ओच्यात शिंदीच्या बिया घेऊन निघालीस. ओढ्याकाठून वेचून आणलेल्या. मी नांगर सोडून तुझ्यामागं आलो, तर तू पाण्याच्या जुन्या रेषेवर खड्डे करते आहेस. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आपलं घर न पिणाऱ्यांचं! शिंदीवाल्याचा माठ वाटेत दिसला तर बा वाट सोडून जायचा.

"आपल्या घरात कदी थेंब आला नाई, आन् तू झाडं लावून राह्यली? लोक काय म्हनतीन?"

तू मान वर केली नाहीस. "लोकायचं सोड. तुई हीर आटली का नाई, ते सांग."

"आटली."

"मंग धर कुदळ."

मी कुदळ धरली, पण घरी येईपर्यंत कुरकुरत होतो. बानं तुझ्या हातचं जेवण सोडलं नाही, बोलणं तेवढं सोडलं. तू समोर बसलेली असताना मला सांगायचा, तिला म्हणावं आता तलावाच्या पाळीवर माठ घेऊनच बस. तूही मला सांगायचीस, त्यांना म्हणावं अजून एक भाकरी घ्या. एका संध्याकाळी चुलीपुढं तू मला डाव समजावलास. शिंदीचं झाड कोणाच्याही रानात उगवो, ते आबकारीचं. परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावली की गुन्हा. आपल्या बोलण्याला कचेरीत कोणी विचारत नाही, पण आबकारीच्या झाडाला पाटीलसुद्धा भितो. मी म्हटलं, झाड मोठं व्हायला किती वर्षं लागतील. तू म्हणालीस, "आपल्याले कुठं जायाचं हाय?"

मेहुण्यानं रोपं उपटली, बैल घातले. तू पुन्हा लावलीस. दर पावसाळ्यात लावलीस. हळूहळू बायका तुझ्याबरोबर यायला लागल्या, कारण हंडा घेऊन लांब जायचं त्यांनाच होतं. एकदा तो घोड्यावरून थांबला आणि हसत म्हणाला, काय वो मावशी, म्हातारपणी नाद लागला का? तू पदर सावरून म्हणालीस, "तुयासाठीच लावून राह्यली बापा. तुले सावली नको का?" त्याला ते खरंच वाटलं. त्या दिवसापासून त्यानं उपटणं सोडलं, शिंदी आपल्या वाट्याला येणार म्हणून. आणि झाडं रसाला आली तेव्हा आबकारीच्या जमादारापुढं छाती काढून म्हणाला की ही माझ्या शेतातली. जमादारानं जमिनीचा पट्टा मागितला. पट्टा कुठला असणार? जमादारानं खांदे उडवले, जमीन सरकारी धरली आणि प्रत्येक खोडावर डांबरानं नंबर घातला. पाण्याच्या रेषेवर सरकारी झाडांची ओळ उभी राहिली, आणि दगड सरकवून तिच्यापलीकडं नेणं कोणाच्या बापाला जमलं नाही. मेहुण्यानं रागारागात एक झाड पाडलं, तर शिपायांनी त्याला आदिलाबादच्या कचेरीत नेऊन दिवसभर उन्हात उभं केलं. पुढच्या साली तो पेरायला आला नाही. आम्ही सांडवा पुन्हा बांधला.

झाडाखाली पिणारे बसायला लागले, तेव्हा आपलं खरं झालं म्हणून बा खूश झाला, बघ म्हणाला. तू काठी घेऊन गेलीस. मला वाटलं हाकलणार. तू त्यांच्यापुढं टोपली ठेवलीस. ज्यानं इथं बसून पिलं, त्यानं उठताना पाळीवर एक टोपली माती टाकायची. माय, हा रिवाज अजून आहे. लटपटत का होईना, टाकतात. आपली पाळ या मुलखात सगळ्यांत रुंद आहे ती पिणाऱ्यांच्या मातीनं. बा हे कळल्यावर पहिल्यांदा तुझ्याशी सरळ बोलला. म्हणाला, "तू लई खट हायस."

आता उद्याचं. आम्हीही डाव मांडला आहे. गेल्या पावसाळ्यात पोरींनी नव्या बिया लावल्या, त्या बोटभर वर आल्या आहेत. आणि उद्या सकाळी गावातली एकूण एक गाडी तलावात उतरणार आहे, गाळ भरायला. तहसीलदार येईल तेव्हा त्याला रिकामी पडीक जमीन दिसायची नाही, गावाचं चालतं काम दिसेल. उद्या नाही म्हणाला तर परवा पुन्हा गाड्या उतरतील, पाऊस पडेपर्यंत उतरतील. पाणी सोडायला माणसं आली तर सांडव्यावर आधी मी बसेन, माझ्यामागं तुझी सून, तिनं तसं सांगूनच ठेवलं आहे. बोलायचं मात्र माझ्याकडं आलं. अक्षरं येतात ना, तुम्हीच बोला म्हणतात.

तुलाच सांगतो, घरात बोललो नाही. मी साहेबाशी कचेरीच्या उर्दूत बोलेन असं सगळ्यांना सांगून बसलो आहे, आणि मला सलाम आणि हुजूर याच्यापुढं काही येत नाही. सकाळपासून मनात जुळवतो आहे, जुळत नाही. तुझ्या सुनेनं विचारलं कोणाला लिहून राह्यले, तर धाकट्याला म्हणून सांगितलं. हा कागद टपालात पडायचा नाही हे मलाही कळतं. तरी माय, तू त्या मेहुण्यापुढं न घाबरता कशी उभी राहायचीस, एवढंच लिही. लवकर लिही, गाड्या उजाडताच जुंपायच्या आहेत.