कासव मेलं की

११ नोव्हेंबर, शुक्रवार
बायको तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली. स्वतःची उशीही घेऊन गेली. नव्या जागी झोप येत नसेल. उगाच जिवाला घोर लावून घेण्यात अर्थ नाही. जेवणाचं टेबल मोकळं झालं, कार्डं ऐसपैस मांडली.

१३ नोव्हेंबर
संकल्प. रोज घर झाडायचं. येत्या रविवारी कार्डांच्या दुकानातली स्पर्धा जिंकायची. जिंकलो की बायकोला पटेल, मी नुसते पत्ते कुटत बसत नाही. 'पत्ते कुटणं' हा मेव्हणीचा शब्द. कार्ड गेम आणि पत्ते यांतला फरक तिला सात जन्मांत कळायचा नाही.
झाडणं उद्यापासून.

१५ नोव्हेंबर
हुकमी डाव सापडला! माझं कासव. कार्डावर स्वच्छ छापलंय: हे कासव मेलं की मालकाला पाच जीव मिळतात. प्रत्येकाला सुरुवातीला वीस जीव, शून्यावर आला तो हरला. तेव्हा आपण मार खात खात अगदी काठावर यायचं, समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढू द्यायचं आणि मग कासव आडवं घालायचं. कासव मरणार, मला पाच मिळणार, त्याचं तोंड बघण्यासारखं होणार.
कासव पुढे, मी मागे. आधी कोण मरेल? शेंबडं पोरही सांगेल.

१७ नोव्हेंबर
कामावर चष्म्याच्या काचा घासताना डोक्यात डावच. एका बाईंची उजवी काच डावीकडे बसवली. मालकांनी विचारलं, लक्ष कुठाय? म्हटलं, घरी जरा अडचण आहे. खोटं नाहीच ते. मालक एकदम नरमले, चहा मागवला. अडचणीचा असाही उपयोग होतो.
संध्याकाळी बायकोचा फोन. रविवारी दुपारी ये, शांतपणे बोलू, काय ते एकदा ठरवू, म्हणाली. लगेच हो म्हटलं. स्पर्धा सकाळची आहे. बक्षीस हातात घेऊनच जाईन. मग बोलायला उरणार काय?

१९ नोव्हेंबर
तिच्या आवडीच्या शर्टाला इस्त्री केली. जरा करपला. वरून स्वेटर घालेन. घर झाडायचं राहिलं, पण आम्ही बोलणार तिकडे, कचरा इकडे.

२० नोव्हेंबर, रविवार
पहिल्याच फेरीत धडधडीत अन्याय.
समोर दातांची एक डॉक्टर, गोडबोली. माझे तीन जीव उरलेले, सगळं ठरल्याप्रमाणे. तिने दोन जनावरं अंगावर सोडली. एक कासवाने अडवलं, दुसरं थेट माझ्यावर. कासव मेलं. मी म्हटलं, आता माझे पाच. ती म्हणाली, काका, तुम्ही संपलात.
पंचाला बोलावलं. तो म्हणाला, मार सगळ्यांना एकाच क्षणी बसतो. कासव मेलं त्याच क्षणी तुम्ही शून्यावर. कासवाचं देणं त्यानंतर सुरू होतं, आणि तोवर डाव संपलेला असतो. मी 'की' या शब्दावर अडून बसलो. मेलं 'की' मिळतात! 'की'मध्ये वेळ कुठे जातो? घंटा वाजली की शाळा सुटते, मध्ये कोणी मरतं का? त्याने नियम वाचून दाखवला. मी कार्ड वाचून दाखवलं. त्याने पुन्हा नियम वाचला.
पुढच्या सगळ्या फेऱ्या झाल्या, मी हटलो नाही. मध्येच कोणीतरी मागे येऊन खांद्याला हात लावला. खुर्ची हवी असेल. मान न वळवता हातानेच थांब म्हटलं.
बाहेर पडलो तर अंधारून आलेलं. आता जाणं बरं दिसणार नाही. उद्या जाईन.

२१ नोव्हेंबर
निकाल बदलला का, हे विचारायला दुकानदाराला फोन केला. नाही, म्हणाला. काल तुमच्या मिसेस आल्या होत्या, हेही म्हणाला. तुम्ही आला नाहीत म्हणून बघायला आल्या. बराच वेळ तुमच्या मागे उभ्या होत्या.
म्हणजे तो हात.
ओळखू कसा येणार? स्वेटर जाड होता.

२३ नोव्हेंबर
तिने एकदाचा फोन उचलला. आवाज शांत. चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. म्हणाली, एका कासवासाठी दुपारभर भांडलास. छान भांडतोस, मला माहीत नव्हतं. मी घरातून निघाले तेव्हा का जातेस, एवढंही विचारलं नाहीस. आता मी येणार नाही.
मग फोन न ठेवता थोडी थांबली. शेवटी तिने ठेवला.
फार वाईट वाटतंय. विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मला वाटलं, परत आली की विचारू.