हवा काढली, ट्रक चालू झाला

रेम्बेर्तो,

आईला ऑपरेशनसाठी सकाळच्या बसने ओरुरोला नेते आहे. तू झोपला होतास, उठवलं नाही. चुलीवर सूप आहे.

ट्रक चालू झाला. डिझेलची नळी आणि फिल्टर बदलले, पण पाइपात हवा अडकली होती. फिल्टरवरचा नट ढिला करून तासभर हातपंप मारला, नुसता फेस येत होता. अंगठा सोलून निघाला. शेवटी बुडबुडे थांबून स्वच्छ धार आली, मग नट आवळला. पुन्हा बंद पडला तर हेच कर, उगाच स्टार्टर मारून बॅटरी उतरवू नकोस.

तू ट्रक चालवत असताना झालेल्या अपघातात बाबा गेले, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून तू केबिनचं दारही उघडलं नाहीस. सुरुवातीला मीही मनात तुलाच दोष दिला, खोटं कशाला बोलू? आता देत नाही. घाटात भरून आलं तर गाडी बाजूला लाव आणि रडून घे.

आईला शुक्रवारी सोडतील. मी म्हटलं, आपण बसनेच परत येऊ. तर म्हणाली, "बस कशाला? माझा पोरगा येईल न्यायला. मी त्याच्या शेजारी बसून येईन."

– कासिल्दाताई