फिल्टरच्या आधीचं पाणी

३ मार्च, सोमवार

आधी दुरुस्ती. माशांच्या टाकीसाठी घरी बनवलेल्या फिल्टरबद्दल १६ फेब्रुवारीला मी लिहिलंय, "फिल्टर शंभर टक्के चालतोय, क्लोरीन शून्य." हे चूक. फिल्टरमधून बाहेर आलेल्या पाण्यात क्लोरीन शून्य होतं, एवढंच खरं. आत शिरणारं पाणी मी तपासलंच नव्हतं. काल बाबांनी फिल्टरची वही चाळली आणि विचारलं, "आधीचं रीडिंग कुठंय?" चौथीपर्यंत ह्याच माणसाने मला घरी बसवून शिकवलं, लॅबमधून दमून आल्यावर, आणि मी नेमकं हेच विसरले.

आज सकाळी दोन कप. एक थेट नळाचा, एक फिल्टरचा. दोन्हीत क्लोरीन तपासायच्या औषधाचे पाच-पाच थेंब. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. दोन्ही कप सारखेच, बिनरंगी.

१६ तारखेच्या ओळीवर एकच रेघ मारली. खालचं वाचता आलं पाहिजे.

४ मार्च

पहिला संशय थेंबांवर. बाटली जुनी असेल. बाथरूममधल्या ब्लीचचे दोन थेंब मगभर पाण्यात टाकून पाहिले. पिवळंधमक. म्हणजे थेंब बरोबर आहेत, पाण्यातच काही नाही.

परदेशीपुऱ्यातून आणलेला चार इंची पाइप, दोन टोप्या, दोन्हीकडे स्पंज, मध्ये नारळाच्या करवंटीचा दाणेदार कार्बन, काळं पाणी थांबेपर्यंत अकरा वेळा धुतलेला. पाइपवाला हसला होता, "दीदी, इसमें मछली नहाएगी कि आप?" एवढा खटाटोप, आणि गाळायला काही नव्हतंच.

मग जानेवारीत दोन एंजल मासे गेले ते कशाने? पाणी बदललं आणि तासाभरात गेले. तेव्हा नळाला स्विमिंग पूलसारखा वास यायचा. आता येत नाही. मधल्या दिवसांत कोणीतरी काहीतरी बंद केलंय.

६ मार्च

सात कप. सकाळी सहा वाजता, ऑफिसला निघताना, आल्यावर. गच्चीवरच्या टाकीतलं, पार्किंगमधल्या नळाचं. सगळे बिनरंगी.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोअरचं. दोन्ही खालच्या टाकीत एकत्र, आणि तिथे रोज ब्लीचिंग पावडर पडायला हवी. सोसायटीचे सेक्रेटरी वझे काका, त्यांना लिफ्टमध्ये गाठलं.

"पडते ना, रोज बराबर पडते. तू मासे सांभाळ बेटा, टाकी आम्ही सांभाळतो."

बोलताना पूर्ण वेळ मोबाईलमध्ये. राहतात चौथ्यावर, उतरले तिसऱ्यावर.

८ मार्च, शनिवार

पहिल्या मजल्यावरच्या दिघे काकूंना कावीळ. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं म्हणे, पाणी कुठलं पिता. काकू माठातलं पितात, नळाचं थेट भरलेलं. "आरओचं पाणी मेलेलं लागतं गं."

आम्हाला आरओ. माशांना फिल्टर. काकूंना माठ.

समोरच्या फ्लॅटमधल्या नवराबायकोचंही पोट दोन आठवडे बिघडलेलंच आहे. आई म्हणते, रोज रात्री सराफ्यात गाड्यांवर जाऊन हादडतात, बिघडणारच. असेल.

९ मार्च, रविवार

पंपाच्या खोलीत जाऊन आले. कैलाश भैया बाजारात गेले होते. (पंप, गेट, टाकी, सगळं तेच बघतात, बायकोसह मागच्याच खोलीत राहतात.) कोपऱ्यात पावडरचा निळा ड्रम. झाकणाला कोळ्याचं जाळं. आत पावडर अर्ध्यापर्यंत, वर घट्ट पापुद्रा धरलेला. चमचा लागल्याची ताजी खूणसुद्धा नाही.

म्हणजे वझे काका सरळ खोटं बोलले. फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होते. आई म्हणाली, "टाक की. आणि मग मी ह्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे तोंड घेऊन जाऊ तेही सांग. कसली पोलीसगिरी लावलीय घरात! सकाळी चहाच्या कपात पण थेंब टाकलेस, मी पाहिलं."

कप रिकामा होता. पण टाकले हे खरं.

फोटो टाकला नाही. आधी कैलाश भैयांना विचारायचं.

११ मार्च

विचारलं.

"भैया, पावडर कब से बंद है?"

"जब से आपने बोला, दीदी."

"मैंने?"

"वो आपकी दो मछली मरी थी ना. आपने ही तो मना किया था. रो रही थीं आप."

आरोप नव्हता आवाजात. मी विसरले असेन म्हणून आठवण करून देत होते, बस.

घरी येऊन जानेवारीचं पान काढलं. २७ तारीख: "का. भैयांना सांगितलं, पावडर जरा कमी टाका." कमी. स्वच्छ अक्षरात. हायसं वाटलं, आणि लगेच वाटायचं थांबलं. फिल्टरचंही असंच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मी रडत होते हे त्या पानावर नाही, आणि रडत होते हे खरं आहे. मग आणखी काय काय नाही? तोंडातून काय निघालं असेल, "थोड़ा कम डालो" की "मत डालो ना भैया"?

आणि कमी म्हणजे किती, हे तर नक्कीच सांगितलं नव्हतं. माशाला औषध देताना थेंब मोजते मी.

वझे काका खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं. तिसऱ्यावर का उतरले ते मात्र अजून कळलेलं नाही.

१३ मार्च

पावडर परत सुरू. ड्रमवर मापाचा कागद चिकटवलेला आहे, तो भैयांबरोबर उभी राहून वाचला. आज नळाचा कप फिकट पिवळा, फिल्टरचा बिनरंगी. फिल्टर चालतो. हे वाक्य आता लिहिता येतं. लिहून काही वाटलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "पडायला लागली ना परत? मग झालं. आता बोलून काय करायचंय?"

"चूक झाली तर लिहून ठेवायची, तुम्हीच शिकवलंत."

"ते लॅबमधलं. इथे माणसं राहतात."

१७ मार्च

ग्रुपवर वझे काकांची नोटीस. रविवारी मीटिंग. विषय एक, टाकी साफ करणे. विषय दोन, कैलाशला काढून एजन्सीचा माणूस ठेवणे. कुणीतरी ड्रम पाहिला असणार. मी नाही सांगितलं. (नाही सांगितलं. आईने?)

आईला विचारलं. "मी कशाला सांगू?" ठीक.

ऑफिसला जाताना गेटवर कैलाश भैया. "सेक्रेटरी साहब ने पूछा था. मैंने बोल दिया, भूल गया. आपका नाम नहीं लिया. आप टेंशन मत लो."

"निकाल देंगे आपको."

"देखेंगे. हम तो गाँव भी चले जाएँगे, दीदी. आपका तो घर यहीं है, रोज इसी लिफ्ट में चढ़ना है."

माझ्या मनात पहिलं काय आलं तर: हे मला का वाचवतायत, पुढे काय मागतील? लाज वाटली. पण आलं, म्हणून लिहिते. दिवसभर कोडमध्ये चुका.

१९ मार्च, रंगपंचमी

अर्धी बिल्डिंग गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याला. मी दिघे काकूंकडे. डोळ्यांचा रंग बराच उतरलाय, तोंडाला चव नाही म्हणतात. मला म्हणाल्या, "तुझ्या त्या नळकांड्यातलं पाणी मला देत जा ना. मासे बघ कसे टुणटुणीत आहेत तुझे!"

ते पिण्याचं नाही म्हटलं. पाण्यातलं औषध त्याने निघून जातं. तुम्ही उकळून प्या.

"औषध? कसलं गं?"

इथे सांगता आलं असतं. मी म्हटलं, "शुद्ध करायची पावडर, टाकीत टाकतात ती."

"हां, ती! तो कैलाश विसरला म्हणे टाकायला. दर दिवाळीला डबा भरून फराळ देते मी त्या मेल्याला."

काकूंना मोसंबी सोलून दिली, सालं गोळा केली, वर आले. गप्प बसून खोटं बोलले. तेही काकूंच्या समोर बसून.

२० मार्च, गुरुवार

सकाळी पोहे खाताना बाबा आपणहून बोलले. "कावीळ त्यानेच झाली हे सिद्ध होणार नाही."

खरं आहे. त्याने झाली नाही, हेही होणार नाही.

"लोक सगळं तुझ्यावर ढकलतील. समोरचे नवराबायको तर वाटच बघतायत. आणि कैलाशला काढायचं त्यांनी ठरवलंच असेल तर काढतीलच."

हेही खरं असेल. पण भैया विसरले नव्हते. ते त्यांना माहीत आहे आणि मला. बिल्डिंगमध्ये तिसऱ्या कुणाला माहीत नाही, आई-बाबा सोडून, आणि ते बोलणार नाहीत.

काय सांगायचं ते तीनदा लिहून काढलं. "कमी टाका म्हणाले होते" असं लिहिलं की माझं बरंचसं ओझं भैयांवर जातं, म्हणून त्याच वाक्याचा सगळ्यात जास्त संशय येतो. ते काढलं. आता चार ओळी उरल्यात. पावडरीबद्दल भैयांना मी सांगितलं होतं. कोणत्या शब्दांत ते मला नक्की आठवत नाही. माप सांगितलं नाही. सोसायटीत कुणाला विचारलं नाही.

भैयांना हे आधी कळवावं का? कळवलं तर थांबवतील. नाही कळवलं तर त्यांचं "भूल गया" सगळ्यांसमोर खोटं पडेल. आज ठरलं नाही. शनिवारपर्यंत ठरवायचं.

बाबा मीटिंगला येणार की नाही, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कैलाश भैयांचा विषय दुसरा आहे. तिथपर्यंत थांबले तर थांबूनच राहीन, मला मी माहीत आहे. पहिल्याच विषयाला, टाकीच्या, उभं राहायचं. रविवार, २३ मार्च, सकाळी अकरा, पार्किंगमध्ये.