न वाचलेलं दुसरं पान

अमरावती
९ जानेवारी २०२५

ती. सुनेत्राआत्यास,
तेजश्रीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर रडू येईल आणि बाबा लगेच मोबाइल हातातून घेतील. माझा पेपर परत आला गं. सावरटेक आणि आसपासच्या गावांच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा. कुठल्या जर्नलला पाठवला ते तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. आत्या दिल्लीत शास्त्रज्ञ आहे म्हणून छापला, असं कुणी म्हणायला नको होतं.

परीक्षकाचं नाव आपल्याला कळत नाही, आपलं त्याला कळत नाही. त्याने लिहिलंय की नमुने एकाच ऋतूतले आहेत. अगं, मी तिन्ही ऋतूंत घेतलेत आणि चौथ्या पानावर तसं लिहिलंही आहे! पुढे म्हणतो की याच भागावर २०१७ साली झालेल्या मोठ्या अभ्यासाचा मी उल्लेखसुद्धा केलेला नाही. अभ्यास करणाऱ्यांची नावं दिली आहेत, पण तो मला कुठेच सापडत नाही. माझे गाइड राजीव सर, त्यांनी विभागात सगळ्यांसमोर विचारलं की गाइडने सांगेपर्यंत तुम्ही काही वाचतच नाही का. मान वर करता येईना.

तुमच्याकडे मोठी ग्रंथालयं आहेत. तेवढा अभ्यास शोधून देशील? गावाहून शंकरकाका दर रविवारी फोन करून विचारतात, छापून आलं का. छापील कागद घेऊन जिल्ह्याला जायचं आणि सगळ्यात जास्त फ्लोराइड असलेला शाळेतला हँडपंप बंद करून घ्यायचा, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलंय.

तुझ्या अनिशला सांग, वावर म्हणजे काय ते विचारण्यापेक्षा एकदा शेतात येऊन बघ.

तुझी माया अशीच राहू दे.
तेजू

*

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२० जानेवारी २०२५

चि. तेजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ग्रंथालयात विचारलं, २०१७ चा तसा काही अभ्यास मिळत नाही. परीक्षकाची काही गफलत झाली असेल, होतं असं. तू शोधत बसू नकोस. पेपर दुसरीकडे पाठव.

तुझे काका परवा कामासाठी कस्तुरबा गांधी मार्गावर गेले होते, येताना तिळगूळ आणला. सोबत पाठवते आहे. अनिश म्हणतो, बिल्कुल येईन, पण परीक्षा झाल्यावर. माझा हात जरा दुखतो आहे, म्हणून इथेच थांबते.

जपून राहा.
आत्या

*

अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

ती. सुनेत्राआत्यास,
सा. न. वि. वि.

तिळगूळ अर्धा बाबांनीच संपवला. तुझा हात कसा आहे? डॉक्टरला दाखवलास का?

मी खूप विचार केला, आत्या. एवढा मोठा परीक्षक उगीच कशाला लिहील? माझंच वाचन कमी पडलं असणार. राजीव सरांची माफी मागितली. शाळेच्या हँडपंपाचा भाग पेपरातून काढून टाकलाय, कारण आता माझ्याच आकड्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. शंकरकाकांना म्हटलं, थांबा जरा. ते म्हणाले की बरं बाई, पोरं आजवर पीतच आलीत, आणखी एक उन्हाळा पितील. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

तू लगेच ग्रंथालयात गेलीस, एवढं कोण कुणासाठी करतं?

तुझीच,
तेजू

*

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ फेब्रुवारी २०२५

चि. तेजू,
आशीर्वाद द्यायला हात धजत नाही, तरी देते.

हात दुखत नव्हता. मी ग्रंथालयातही गेले नव्हते. तुझा पेपर मी तपासला होता.

खरं म्हणजे तपासला नव्हता, हेच सांगायचं आहे. दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला. शीर्षक वाचून क्षणभर तुझी आठवणही झाली, पण असे पेपर येतच असतात म्हणून पुढे गेले. मुदत उलटून गेली होती, संपादकांची आठवणपत्रं येत होती, आणि परीक्षक मंडळाच्या वर्षअखेरच्या यादीत माझं नाव छापलं जातं ते मला सोडवत नव्हतं. अनिशने मोबाइलवर एआय वापरायला शिकवलं होतं. मी तुझा अख्खा पेपर, जो मी कुणाला दाखवायचाही नव्हता, त्यात टाकला आणि अभिप्राय लिहून मागितला. त्याने छान, भारदस्त इंग्रजीत लिहून दिला. मी दोन शब्द बदलले, नापसंतवर खूण केली आणि स्वयंपाकाला लागले. २०१७ चा तो अभ्यास त्याने रचलेला आहे. जगात कुठेच नाही.

तुझं पहिलं पत्र वाचताना ते शब्द ओळखीचे वाटले. मग पेपर उघडला. दुसऱ्या पानावर सावरटेक आहे, तेजू. आपलं गाव. ज्या शाळेच्या हँडपंपाला तोंड लावून मी पाणी प्यायले, तो नकाशात खूण करून दाखवला आहेस. दोन पानं वाचली असती, तरी हा माझ्या भाचीचा पेपर आहे हे कळलं असतं आणि मी तो त्याच दिवशी परत केला असता. तेवढंही वाचलं नाही. आणि कळल्यावर तुला खोटं लिहिलं. तुझं आभाराचं पत्र आलं, ते मी काकांनाही दाखवू शकले नाही.

परवा संपादकांना सगळं लेखी कळवलं. नीरज माथुर म्हणून आहेत, भले गृहस्थ. त्यांनी फोन करून समजावलं की मॅडम, छोड़िए, आजकाल सगळेच करतात, पेपर दुसऱ्याकडे पाठवून देऊ, लेखी कशाला. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मग तो नकार तुझ्याच नावावर राहिला असता. मी म्हटलं, लेखीच राहू द्या. आज त्यांचं उत्तर आलं. तुझ्या पेपराला दिलेला नकार रद्द झाला आहे, पेपर मूळ रूपात नव्या परीक्षकांकडे जाईल. मला परीक्षक मंडळावरून काढलं आहे आणि माझ्या संस्थेलाही कळवलं आहे. आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही.

राजीव सरांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माफी मागत नाही, कारण मागितली की ती तुला द्यावी लागेल.

सुनेत्रा

*

अमरावती
६ मे २०२५

ती. आत्यास,
तेजश्रीचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मुद्दामच केला.

पेपर नाकारलास त्याचा राग नाही. पण कितीतरी दिवस मी स्वतःला बिनडोक समजत होते, आणि माझ्या मनाची ही अवस्था माहीत असूनही तू तिळगूळ पाठवलास. ते मला अजून गिळता येत नाही. बाबांना मी सांगितलं. ते उठून बाहेर जाऊन बसले. तुला फोन करायला त्यांना वेळ लागेल.

राजीव सरांनी तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर. मग मला सॉरी म्हणाले. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण तुझं नाव असं सगळ्यांच्या कानावर पडताना मान माझीच खाली गेली.

नव्या परीक्षकाचा अभिप्राय काल आला. चार पानं आहेत. कुठेही गोड शब्द नाही. त्याने शोधून काढलंय की तिसऱ्या तक्त्यात दोन विहिरींचे आकडे अदलाबदल झालेत. खरंच झालेत, मी पडताळून पाहिलं. हँडपंपाचा भाग मात्र सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणतो, तिथले नमुने पुन्हा घ्या आणि मग पाठवा. एवढ्या चुका काढलेल्या पाहून मी खुर्चीत बसून रडले, आत्या. कुणीतरी प्रत्येक ओळ वाचली होती.

उद्या नमुने घ्यायला सावरटेकला निघतेय. शंकरकाकांना सगळं सांगणार आहे, तुझं नावही. लपवणं मला जमणार नाही. ते विचारतील की सुनेत्रा आता गावाला कधी येते. त्यांना काय सांगू, ते तू कळव.

तेजश्री