उजव्या पंखातली टाचणी

औरंगाबाद, ५ जुलै १९४१
आज मुलींच्या शाळेत रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर, उस्मानियाची बी.एस्सी.! खोलीही छान मिळाली. घरमालकीण अजराबी विधवा आहेत, बोलायला तिखट. मागे बाग: सीताफळं, कण्हेर, कुंपणावर गारवेल. पानापानावर भुंगेरे, हिरवे, ठिपक्यांचे लाल, सोन्यासारखे. माळी सांडूला विचारलं, तर सगळ्यांना एकच नाव, 'किडं'. अशा अज्ञानाची कीव येते. सगळ्यांची ओळख पटवून, टाचलेल्या नमुन्यांची पेटी हैदराबादला विद्यापीठात पाठवायची. पसंत पडली तर संशोधनाची जागा मिळेल आणि हे गाव सुटेल.

९ जुलै
एकवीस नमुने झाले. शास्त्राप्रमाणे टाचणी उजव्या पंखातून घालते, खाली नावाची चिठ्ठी. सोनेरी भुंगेरा मेला की विटून तपकिरी होतो. आजचा मात्र विटेना, पुस्तकातही सापडेना. नवी जात! शोधणाऱ्याने स्वतःचं नाव देणं शिष्टसंमत नाही, ठाऊक आहे. पण इथे कळतंय कुणाला? चिठ्ठीवर 'उमा' लिहिलं. सांडू म्हणाला, "बाई, जित्या माणसाचं नाव अन् वर टाचणी? लई वंगाळ." अजराबी हसल्या, "इतकं शिकून शेवटी किडाच झालीस की गं!" या दोघांना शास्त्र काय समजावणार?

१० जुलै
उजव्या खांद्यामागे कळ. फळ्यावर लिहून लिहून असेल. भुंगेरा अजून पिवळाधमक, पाय हलवतो. सांडूने अंगारा आणला. त्याच्यासमोरच कुंडीत टाकला.

१२ जुलै
चेहरा विटलाय. तपकिरी, वाळक्या पानासारखा. वर्गात पोरी कुजबुजत होत्या. मूर्ख पोरी. खांद्यामागे रक्त नाही, फक्त एक बारीक भोक—

१३ जुलै
डाव्या हाताने लिहितेय. खुर्चीवरून उठता येत नाही, जणू मागून— नाही. चिठ्ठी फाडली, काही फरक नाही. शेवटी सांडूला विनवलं, टाचणी काढ. त्याने नुसता हात लावला आणि मी किंचाळले. आता तो जवळ येत नाही.

१४ जुलै
पायांना मुंग्या आल्यात. बसून बसून येतातच. अजराबींना तसं म्हटलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, "या अल्ला! पोरी, मुंग्या तर पेटीला लागल्यात!" टेबलाच्या पायावरून रांग— सोनेरी भुंगेऱ्याच्या पायापासून सुरुवात— अजराबी पदराने झटकताहेत, प्रत्येक झटक्याला माझा गुडघा— पोटापर्यंत आल्या— मी शिकलेली आहे, असं होत ना—